सात फोटो, सहा हार

"लोकायच्या पोट्ट्यायचे फोटो लागून राहिले त्या भितीवर, अन् आमचा पोट्टा त्या फोटोयसाठी खिळे वळवून राहिला!" श्यामरावांनी कपबशी अशी आपटली की चहा बशीतून थेट पेपरावर.

"खिळे नाई बाबा, हुक," देवानंद म्हणाला.

"हुक! वा रे माह्या हुकवाल्या!"

"मंग? हुक नसले तं ते थोर लोकं लटकतीन कायले?"

भिलाईच्या सेक्टर पाचमधल्या त्या क्वार्टरात हे भांडण रोजचंच होतं. फक्त विषय बदलायचा. श्यामराव स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क. कोण गेटवर किती उशिरा आला हे बघण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती, आणि त्यांच्या हिशेबानं जगात सगळ्यात उशीर झालेला माणूस म्हणजे त्यांचा स्वतःचा मुलगा. देवानंद सतरा वर्षांचा. नववीत पीटीच्या सरांनी केसांवरून थप्पड मारली, तेव्हा ह्यानं उलटून काही केलं नाही. फक्त आपलं दप्तर उचललं, गरगर फिरवलं आणि कंपाउंडच्या भिंतीवरून भिरकावून दिलं. ते पलीकडं प्रिन्सिपल रेव्हरंड मसीह साहेबांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलं. दप्तर आणायला म्हणून देवानंद भिंतीवरून उडी मारून गेला, तो परत शाळेत आलाच नाही. दोन वर्षं झाली. आता सुपेल्याला भैयालालच्या फोटो स्टुडिओत कामाला होता. डार्करूम, फ्रेमा, हुक, सगळं करायचा.

"आयक," श्यामराव म्हणाले, "मसीह साहेबासोबत बोलणं झालं माहं. रविवारी शाळेची जुबिली झाली का सोमवारपासून तू शाळेत. नववीत."

"नववीत? नववीत रमी आहे!"

आतून रमाचा आवाज आला, "अन् मी मॉनिटर आहो! बाबा, याले माह्या वर्गात नका टाकू ना! मिशा आहे त्याले! मी पोरीले काय सांगू, हा कोण आहे म्हनून?"

"सांग, तुहा मोठा भाऊ आहे, दोन वर्षं लेट पंचिंग."

देवानंदचं डोकं सटकलं. लहान बहिणीच्या वर्गात, मागच्या बाकावर, मिशांसकट! त्यापेक्षा रसमड्याच्या कारखान्यात पोती उचललेली परवडली. रागात माणूस विचार करून बोलत नाही, आणि देवानंद तर रागात नसतानाही करत नसे.

"अन् माहाच फोटो लागला त्या भितीवर, तं?"

श्यामराव आधी हसले. मग खोकले. मग परत हसले.

"तुहा? थोर माजी विद्यार्थ्यायमंधी? लागला ना बाप्पा, तं मी जिंदगीभर शाळेचं नाव काढणार नाई तुह्यासमोर. ही तुही माय साक्षी."

"मले नका वढू मधात," सिंधुताई कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या. "मी कोणाचीच साक्षी नाई. पोळ्या खा अन् जा आपापल्या कामाले."

आता ह्या भिंतीचं प्रकरण काय, ते सांगायला पाहिजे. सेंट क्रिस्पिन्स ही अँग्लिकन पाद्र्यांनी काढलेली खासगी शाळा. टाय, मोजे, सकाळची प्रार्थना, सगळं कडक. मसीह साहेब एकदा त्यांच्याच चर्चच्या एका पहाडातल्या जुन्या शाळेत जाऊन आले. तिथं हॉलमध्ये एका ओळीत माजी विद्यार्थ्यांच्या तसबिरी. कोणी जनरल, कोणी जज्ज, कोणी गव्हर्नर. मसीह साहेबांना रात्रभर झोप नाही. आपल्याही शाळेत अशी भिंत पाहिजे!

पण पहाडातली शाळा होती शंभरावर वर्षांची, आणि ही पंचवीस. हिच्या माजी विद्यार्थ्यांना आत्ता कुठं टक्कल पडायला लागलं होतं. जनरल आणायचा कुठून? तरी शोधून शोधून सात जण काढले. जामुलला दवाखाना असलेले डॉक्टर आनंदराव. रायपूर रेडिओवर संध्याकाळी धान आणि हरभऱ्याचे भाव सांगणारी साधनाबाई. मध्य प्रदेशच्या हॉकी टीममधला राखीव गोलकीपर केवलराम. बढतीवर राउरकेला आणि बोकारोला गेलेले दोन इंजिनियर. कुवेतला गेलेला ओमप्रकाश, जो तिथं नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं, पण करतो चांगलं. आणि सातवा भैय्याजी, जो जहाजावर होता. भिलाईतून समुद्र इतका लांब, की जहाजावरचा माणूस आपोआप थोर.

फोटोंचं काम भैयालालला मिळालं. एकेकाच्या घरून बोटाएवढे फोटो आले. कोणी बुशशर्टात, कोणी लग्नातला, ओमप्रकाश तर उंटावर. भैयालालनं सगळे मोठे केले, आणि दुकानाच्या पद्धतीप्रमाणं ब्रश घेऊन सगळ्यांना एकच कोट आणि एकच टाय चढवला. साधनाबाईंना तेवढी साडी ठेवली. सहा फोटो तयार झाले आणि भैयालालला भाच्याच्या लग्नाला डोंगरगडला जावं लागलं.

"देख देवानंद," तो जाताना म्हणाला, "जहाजवाले का फोटो आ जाए तो बना लेना. बाकी फ्रेमिंग बाबुलाल करेगा. हमेशा जैसा."

बाबुलाल म्हणजे दुकानाचा फ्रेमवाला. दिवसभर तोंडात पान, त्यामुळं बोलणं कमी. मागं पडवीत बसून तो लाकूड कापायचा, काच बसवायचा, आणि समोर कोण येतं-जातं इकडं मान वर करून बघायचाही नाही.

शनिवारची दुपार झाली. जहाजवाल्याचा फोटो काही आला नाही. सातवी फ्रेम तशीच रिकामी. देवानंद तिच्याकडं बघत बसला. रिकाम्या फ्रेमची काच मोठी वाईट असते. तिच्यात आपलंच थोबाड दिसतं.

आधी त्याला हसू आलं. मग घाम आला. एका रविवारचा तर प्रश्न! कार्यक्रम झाला, बाबांनी डोळ्यानं पाहिलं, शर्त जिंकली, की सोमवारी सकाळी जाऊन फोटो काढून घ्यायचा. मसीह साहेबांना सांगायचं, घाईत चुकून लागला. कोणाचं काय जाते?

त्यानं स्टुडिओतला कोट चढवला. हा खरा कोट, पण पुढूनच खरा. मागं पाठ नव्हती, नाड्या होत्या. कॅमेरा स्टँडवर लावला, टायमर दाबला, स्टुलावर जाऊन बसला आणि एखाद्या गव्हर्नरसारखं लांब कुठंतरी पाहिलं. संध्याकाळपर्यंत मोठा फोटो वाळूनसुद्धा तयार.

"बाबुलाल भाई, ये सातवाँ."

बाबुलालनं फोटो पाहिला. मग देवानंदकडं पाहिलं. मग परत फोटोकडं.

"ये तो तुम हो."

"हाँ, तो?"

"सबका हमेशा जैसा करना है ना?"

"हाँ हाँ, हमेशा जैसा," देवानंद केसांवरून कंगवा फिरवत म्हणाला. त्याचं निम्मं लक्ष उद्याच्या बाबांच्या तोंडाकडं होतं. बाबुलालनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं, पानाची पिंक टाकली आणि आत गेला.

रविवारी सकाळी फ्रेमा घेऊन शाळेत बाबुलाल एकटाच गेला. देवानंद मुद्दाम गेला नाही. मसीह साहेबांनी आधीच पाहिलं असतं तर सगळं मुसळ केरात. पण मसीह साहेबही तिथं नव्हते. ते दुर्ग स्टेशनवर बिशप साहेबांना उतरवून घ्यायला गेले होते. बाबुलालनं निवांत फ्रेमा लटकवल्या, वायर जोडली, वरून निळा पडदा सोडला आणि पान खायला गेला.

हॉल खच्चून भरला होता. पहिल्या ओळीत पाच थोर माजी विद्यार्थी स्वतः, नवे कपडे घालून. ओमप्रकाश कुवेतहून कसा येणार, म्हणून त्याची आई मथुराबाई आली होती, पण लाजून अगदी मागं बसली. मधल्या ओळीत श्यामराव, सिंधुताई आणि रमा. देवानंद दाराजवळच्या खांबाला टेकून उभा. बाबांनी त्याच्याकडं बघून भुवई उडवली, म्हणजे, काय बे, कुठं आहे तुहा फोटो? देवानंदनंही भुवई उडवली. म्हणजे, थांबा जरासे.

बिशप साहेब बाहेरगावचे. वय झालेले, चष्मा जाड, माणूस मायाळू. त्यांनी दोरी ओढली. पडदा बाजूला झाला.

आणि हॉलचा श्वास आत गेला तो आतच राहिला.

भिंतीवर सात फोटो, प्रत्येकाखाली 'माजी विद्यार्थी' अशी पट्टी. त्यातल्या सहा फोटोंना चंदनाच्या सालींचे हार. सहा फोटोंवर छोटे छोटे लाल झिरोचे बल्ब लुकलुकत होते. सहा काचांवर, बरोबर कपाळाच्या जागी, कुंकवाचा टिळा.

देवानंदच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुपेल्यात एवढा मोठा फोटो जिवंत माणसाचा कोण बनवते? कोणीच नाही! बाप गेला, आजा गेला, तेव्हाच लोक भैयालालकडं मोठी फ्रेम सांगतात. बाबुलालनं आयुष्यात मोठी फ्रेम केली ती गेलेल्या माणसाचीच. हमेशा जैसा म्हणजे हार, बल्ब आणि टिळा!

फक्त सातव्या फोटोला हार नव्हता. त्यातला माणूस बाबुलालसमोर कंगवा फिरवत जिवंत उभा होता ना!

पहिल्या ओळीत केवलराम गोलकीपर आपल्याच हाराकडं बघत होता. तोंड उघडं. डॉक्टर आनंदराव उठून काही बोलणार, तेवढ्यात बिशप साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि भरल्या आवाजात हिंदीतून म्हणाले, "इतनी छोटी स्कूल... और इतना बड़ा नुकसान. हम सब एक मिनट का मौन रखेंगे."

भिलाईच्या माणसाला मौन म्हटलं की बाकी काही सुचत नाही. प्लांटमधल्या अपघातांनंतर सवय झालेली. अख्खा हॉल खाडकन उभा राहिला, माना खाली. मौनात बोलायचं कसं? पाच थोर माजी विद्यार्थी पण उभे राहिले आणि त्यांनी आपापल्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मान खाली घातली. डॉक्टर आनंदरावांचा वर केलेला हात तसाच हळूहळू खाली आला.

रेव्हरंड मसीह एका डोळ्यानं प्रार्थना करत होते आणि दुसऱ्या डोळ्यानं सातव्या फोटोकडं बघत होते. ते थोबाड कुठंतरी पाहिलेलं वाटत होतं. मग कोंबड्या आठवल्या.

देवानंद दाराकडं सरकला. एक पाऊल, दोन पावलं. मौन संपलं.

"लेकिन ईश्वर ने एक को बचा लिया!" बिशप साहेबांचा हात त्या बिनहाराच्या फोटोकडं गेला. "ये नौजवान कहाँ है? यहाँ आया है क्या?"

"आहे ना! हा पाहा, इथं आहे!" रमा जोरात ओरडली. मॉनिटरची सवय. पळणाऱ्याला पकडल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

चारशे माना वळल्या. पुढच्या क्षणी दोन मास्तर देवानंदला दोन्ही बाजूंनी आदरानं धरून स्टेजवर नेत होते. त्यातले एक पीटीचे सर.

"बोलो बेटा," बिशप साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "अपने साथियों की तरफ़ से दो शब्द बोलो."

समोर ते साथी बसले होते. केवलराम अशा नजरेनं बघत होता की आज पहिल्यांदाच गोल सोडून बाहेर येईल. खोटं बोलायला डोकं थंड लागतं, आणि देवानंदचं तर तापलेलं.

"साब, मैं कुछ नहीं हूँ," तो फाडकन बोलून गेला. "मैं तो नववी में ही स्कूल छोड़ के भाग गया था. इस दीवार के ऊपर से!"

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. पण बिशप साहेबांचे डोळे पाणावले.

"सुना आपने?" ते म्हणाले. "इतने लोगों के सामने कितनी सच्चाई से बोला! बेटा, आज से तुम्हारी पढ़ाई चर्च की ज़िम्मेदारी है. फीस, किताबें, सब. इन छह की याद में तुम अपनी पढ़ाई पूरी करोगे. कल से!"

पहिली टाळी कोणाची पडली? श्यामरावांची. उभं राहून, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन. मग सगळा हॉल वाजायला लागला.

"साब, पण ते..." देवानंद म्हणायला गेला, आणि तेवढ्यात स्टेजखालून किंकाळी आली.

मथुराबाईला लांबून नीट दिसत नव्हतं. टाळ्या कशाच्या म्हणून ती पुढं आली होती. लेकाचा फोटो, हार, लाल बल्ब! दोन महिन्यांपासून कुवेतचं पत्र नव्हतं.

"माहा ओम्या गेला वं माय! मले कोनी सांगतलंही नाई! उंटावरून पडला कां वं बाई!"

मग काय विचारता! चार बाया तिला धरायला धावल्या आणि कारण न विचारता त्याही रडायला लागल्या. डॉक्टर आनंदराव स्टेजवर चढले आणि बिशप साहेबांपुढं मनगट धरलं. "साब, मैं ज़िंदा हूँ. नाड़ी देखिए. डॉक्टर हूँ, मुझे पता है." बिशप साहेबांनी खरंच नाडी पाहिली. केवलराम भिंतीवर चढून स्वतःचा हार ओढत होता. वायरला हिसका बसला आणि सहाही बल्ब एकदम विझले. त्याबरोबर मथुराबाईचा आवाज आणखी चढला.

शेवटी साधनाबाईंनी माईक हातात घेतला. घसा साफ केला. रोज संध्याकाळी जो आवाज भिलाई-दुर्गच्या घराघरात धानाचे भाव सांगतो, त्याच आवाजात त्या संथपणे म्हणाल्या, "श्री ओमप्रकाश कुवेत में सकुशल हैं. चिंता की कोई बात नहीं."

मथुराबाई गप झाली. पदरानं नाक पुसलं. "रेडिओवर सांगतलं म्हंजे बरा असन बाप्पा," ती म्हणाली आणि खाली बसली.

बिशप साहेबांना सगळं समजावून सांगायला अर्धा तास गेला. मग ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण चारशे माणसांसमोर दिलेला शब्द मात्र त्यांनी मागं घेतला नाही. मसीह साहेबांनी देवानंदला दारातच गाठलं. आवाज गोड, दात घट्ट. "कल. साढ़े सात बजे. गेट से आना, दीवार से नहीं."

घरी आल्यावर सिंधुताईंनी पहिल्यांदा मीठमोहरी ओवाळून टाकली. कोण जाणे, हारांच्या शेजारी फोटो लटकला होता पोराचा. देवानंद बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

"फोटो लागला का नाई?"

"लागला."

"मंग शर्त मी जितलो. तुमी शाळेचं नाव नाई काढायचं."

"मी काढलं?" श्यामराव शांतपणे बशीतला चहा फुंकत म्हणाले. "बिशप साहेबानं काढलं. मी तं फक्त टाळ्या वाजवल्या."

श्यामराव शब्दाचे पक्के. त्या दिवसापासून त्यांनी देवानंदसमोर शाळा हा शब्द तोंडातून काढला नाही. सकाळी फक्त हातातल्या घड्याळाकडं बघायचे आणि म्हणायचे, "तिकडं जायची वेळ झाली."

पुढच्या आठवड्यात बाबुलाल उरलेली वायर काढायला शाळेत आला. सहा फोटो ज्यांचे त्यांनी कधीच घरी नेले होते, आणि त्यांच्या आयांनी ते काच पुसून, पलंगाखाली, पालथे ठेवले होते. जामुलचे चार पेशंट डॉक्टरांच्या घरी औषधाला नाही, सांत्वनाला येऊन गेले होते. जहाजवाल्या भैय्याजीच्या बापानं तर साफ निरोप धाडला, माहा एकुलता एक आहे, फोटोबिटो काही भेटणार नाई. त्यामुळं अख्ख्या भिंतीवर आता एकच थोर माजी विद्यार्थी लटकत होता. तो जेवणाच्या सुट्टीत, टाय लावून, मिशी भादरून, त्याच जुन्या कंपाउंडच्या भिंतीजवळ उभा होता.

"पर तुमने हार डाले कायको?" देवानंदनं विचारलं. आठवडाभर हाच प्रश्न त्याला जाळत होता. "पूछना तो था एक बार!"

"पूछा तो था," बाबुलाल म्हणाला. "तुम बोले, हमेशा जैसा. तुमको ज़िंदा देखा, इसलिए तुम्हारा छोड़ दिया. दूसरों को मैंने देखा था क्या?" त्यानं वायर गुंडाळली, मग जरा विचार करून म्हणाला, "एक बात है. मसीह साहब बोल रहे, तुम्हारे फोटो के नीचे जो माजी विद्यार्थी लिखा है, वो अब गलत हो गया. तुम तो चालू हो. तो उतार दूँ?"

देवानंदनं कंपाउंडच्या भिंतीकडं पाहिलं. काही फार उंच नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका उडीत झाली होती. त्यानं हातातलं दप्तर तोललं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"राहू दे बाबुलाल भाई, नको काढू. त्याच्या खाली लिव..."

तेवढ्यात घंटा झाली.

"चलतो मी. जाना पड़ेगा. लेट झालो का रमी फळ्यावर नाव लिहिते."